दही न लागणारा हात

मी आणे गावची. आण्याचं पठार कोरडं, पाण्याची बोंब कायमची, पण माहेरच्या घरात दही मात्र सुरीनं कापून वाढावं असं लागायचं. एक म्हैस होती, दोन गावठी गाई होत्या. मी परकरात असल्यापासून आईनं दूध विरजायचं काम माझ्यावर सोडलं होतं. करंगळी दुधात बुडवायची, ऊब नीट लागली की चमचाभर विरजण घालायचं, झाकण ठेवायचं आणि विसरून जायचं. दही लागतं की नाही, असा प्रश्न कुणाला पडू शकतो हेच मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी पारगावला आले. इथलं सगळंच वेगळं. चहूकडे ऊस, पाटाला पाणी, आणि गोठ्यात काळ्या-पांढऱ्या संकरित गाई, ज्यांना सगळे सरसकट जर्सी म्हणत. आमच्या गोठ्यात दोन होत्या, थोरली आणि धाकटी. शिवाय घरच्या दुधाला एक म्हैस होती, पण मी माप ओलांडून आले आणि ती आटली. तिची आटायचीच वेळ झाली होती, पण गल्लीतल्या बायकांनी हसत हसत ते माझ्या पायगुणावर घातलं. मीही हसले. नव्या सुनेनं हसायचंच असतं.

आमच्या वस्तीवर एक रीत होती. नव्या सुनेच्या हाती पहिलं काम विरजणाचं द्यायचं. चूल, पीठ, मीठ हे सगळं हळूहळू, पण दही तिच्या हातचं लागायला हवं. ते घट्ट लागलं की सासू शेजारणींना वाटीवाटी पाठवते आणि मग त्या सुनेला लोणच्याला, पापडाला, उन्हाळ्यातल्या कुरडयांना बोलावणी सुरू होतात. एकदा हाताला गुण आहे म्हटलं की म्हटलं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, पहिल्याच आठवड्यात दुधाचं पातेलं माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "आण्याचा हात कसा हाय ते बघू दे."

दही लागलं नाही.

सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं, वर थोडी साय, आणि वास ना धड दुधाचा ना दह्याचा. मला वाटलं, थंडी आहे. दुसऱ्या दिवशी पातेलं गोधडीत गुंडाळलं. मग ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवलं. मिरचीची देठं टाकून पाहिली, चिंचेचं बुटूक टाकून पाहिलं. शेजारणीकडून विरजण आणलं, मग आण्याहून भावाकडून डब्यात मागवलं. तो बिचारा एसटीनं डबा मांडीवर धरून आला. त्यातलं दही इतकं घट्ट की डबा उलटा केला तरी पडेना, पण आमच्या दुधात घातलं की त्याचंही पाणी.

काही आठवडे असे गेल्यावर आत्यांनी पदर खोचला आणि एका संध्याकाळी स्वतः विरजण लावलं. सकाळी दही लागलेलं! तुळतुळीत, पांढरंशुभ्र, चमच्यानं खोचलं तर खड्डा राहील असं. त्यांनी ते मला दाखवलं नाही, नुसतं ओट्यावर उघडं ठेवलं. मी पाहिलं आणि मोरीत जाऊन कालची पातेली घासत बसले.

मग पुन्हा काम माझ्याकडे आलं. थोडे दिवस माझंही चांगलं लागलं आणि मला हायसं वाटलं. आणि मग परत तेच, पाणी. त्या वेळी आत्यांना ताप होता, त्यांनी काही लावून पाहिलं नाही. पण आता त्यांचं मत पक्कं झालं होतं. दुपारी ओट्यावर बायका तांदूळ निवडत बसल्या की त्यांचा आवाज आतपर्यंत यायचा. "पोरगी कामाला चांगली हाय, खोटं न्हाई बोलायची मी. पर हाताला गुण न्हाई. दही म्हून लागत न्हाई तिच्या हातावर."

आत्या दुष्ट नव्हत्या. मला खायला कमी घातलं नाही, माहेरी जाताना कधी तोंड वाकडं केलं नाही. पण त्यांना बोलायला लागायचं आणि बोललेलं वस्तीभर व्हायचं. उन्हाळ्यात कुरडया घालायला सगळ्या जमल्या तेव्हा मला चिकाच्या पातेल्याजवळ बसू दिलं नाही. हातात काठी दिली आणि कावळे हाकायला गच्चीच्या कोपऱ्यात बसवलं. आण्यात माझ्या हातच्या कुरडया पाहुण्यांना बांधून देत असत, आणि इथं मी काठी घेऊन कावळ्यांशी बोलत होते. त्या दिवशी मला खरोखर रडू आलं. राग आत्यांचा नव्हता. मला स्वतःच्या हाताचीच शंका यायला लागली होती.

दिवाळीला माहेरी गेले आणि पहिल्या रात्री गुपचूप दूध विरजलं. सकाळी दही असं लागलं होतं की आई म्हणाली, "सासरी जाऊन हात अजून सुधारला की गं." मी दह्याचं पातेलं झाकून ठेवलं. म्हणजे हात आण्यात चालतो आणि पारगावात चालत नाही. घोड नदीचं पाणी बाधतं की काय, असंही मनात येऊन गेलं. माणूस एकदा गोंधळला की कशावरही विश्वास ठेवतो.

आता सासऱ्यांविषयी सांगायला हवं. त्यांना मी मामा म्हणायची. सरळ माणूस. कुणाच्या बांधावरचं गवत कापणार नाही, आपलं कुणी कापलं तर भांडणार नाही. थोरली गाय त्यांची लाडकी. ऊसतोडीच्या दिवसांत उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं आलं की पहिला भारा तिच्यापुढं. पण या जास्त दुधाच्या गाईंना एक दुखणं पुन्हा पुन्हा धरतं. कास सुजते, दगडासारखी कडक होते, दुधात गाठी येतात. त्याला आमच्याकडे दगडीच म्हणतात. थोरलीला ती सारखी व्हायची. डॉक्टरला बोलावण्यात वेळ कोण घालवणार, म्हणून मामा स्वतःच बाजारातून औषधाच्या ट्यूबा आणत. पुढे बारीक चोच असलेली प्लॅस्टिकची नळी, ती सडात घालून औषध आत सोडायचं. सूज जरा उतरली, गाठी गेल्या, की औषध बंद. उरलेल्या ट्यूबा कोनाड्यात, पुढच्या वेळेसाठी.

माणसांचंही आमच्या घरात तसंच होतं. बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात लाल-काळ्या, पिवळ्या-हिरव्या कॅप्सूल असत, कुणाच्या तरी तापातल्या, कुणाच्या दाढेच्या ठणक्यातल्या उरलेल्या. बरं वाटलं की गोळी थांबवायची आणि डब्यात टाकायची. मग घरात कुणी खोकलं की आत्या डबा उघडून रंग बघून एखादी काढून देत. शेजारीपाजारीही मागायला येत. आत्यांचा गोळीचा हात चांगला, असं वस्तीवर म्हणायचे. आमच्याच घरी नव्हे, दर घरी असा एक डबा होता.

मामांचा एक नेम मात्र पक्का होता. औषध चालू असताना थोरलीचं दूध डेअरीला घालायचं नाही. डेअरीत तेव्हा फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, बघत, औषधाचं कुणी विचारत नसे. घातलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मामा म्हणायचे, "कॅनमधी सगळ्या गावाचं दूध एक व्हतं. आपल्या गाईचं औषध दुसऱ्याच्या लेकराच्या पोटात कशापायी घालायचं?" म्हणून त्या दिवसांत धाकटीचं चांगलं दूध डेअरीला जायचं आणि थोरलीचं औषधाचं दूध घरात राहायचं. टाकून द्यायचं म्हणजे अन्नाचा अपमान, आणि उकळलं की सगळं जातं अशी सगळ्यांची समजूत. मला सासऱ्यांचा अभिमान वाटायचा. ते दूध आम्ही प्यायचो, मोठ्या जावेची पोरं प्यायची, त्याचाच चहा व्हायचा. आणि त्याचंच मी दही लावायचे.

पुढच्या पावसाळ्यात थोरलीला दगडी झाली ती उतरेचना. मामांनी कोनाड्यातल्या ट्यूबा सोडल्या, नव्या आणल्या, दुसऱ्या कंपनीच्या आणल्या. कास लालबुंद, गाय पाय झाडायची, चाऱ्याला तोंड लावेना. मामांचंही जेवण सुटलं. शेवटी आमच्या घरातले, म्हणजे माझे यजमान, मोटारसायकल काढून सरकारी दवाखान्यातल्या गुरांच्या डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टर तरुण होते, बोलायला मोकळे. त्यांनी कास दाबून पाहिली, वाटीत दूध काढून पाहिलं आणि विचारलं, "याआधी काय काय सोडलंय?"

मामांनी कोनाड्यातल्या सगळ्या नळ्या आणून त्यांच्यापुढं ठेवल्या, आपण किती काळजी घेतो ते दाखवावं तशा.

"पूर्ण कोर्स एकदा तरी केला का?"

"फरक पडला की बंद करतो. उगं मुक्या जनावराला औषध कशाला?"

डॉक्टर जरा हसले. "मामा, फरक पडतो तेव्हा निम्मेच जंतू मेलेले असतात. उरतात ते चिवट. त्यांना तुम्ही दर वेळी थोडंथोडं औषध चाखवलं. आता त्यांना या औषधाचं काही वाटत न्हाई. तुमचीच ट्यूब, तुमचीच गाय, आणि तालीम झाली जंतूंची." त्यांनी दुधाचा नमुना बाटलीत घेतला. कोणतं औषध अजून लागू पडतंय ते पुण्याहून तपासून आणतो, म्हणाले. तोवर काय करायचं ते सांगितलं आणि हात धुऊन ओट्यावर बसले.

मी चहा आणून दिला. त्यांनी दोन घोट घेतले आणि सहज विचारलं, "या गाईच्या दुधाचं काय करता?"

मामांची छाती फुगली. "डेअरीला एक थेंब घालत न्हाई. घरातच वापरतो."

डॉक्टरांनी कपाकडे पाहिलं. मग मामांकडे पाहिलं. मग कप हळूच बशीत ठेवला. मला हसू दाबता येईना, मी पदर तोंडाला लावला. त्यांनी ते पाहिलं असावं, कारण पुढचा प्रश्न त्यांनी मलाच विचारला.

"वहिनी, या दुधाचं दही लागतं का हो?"

 आत्या सुपात काहीतरी पाखडत होत्या, त्यांचा हात थांबला. मला वाटलं, ही चहाडी या परक्या माणसापर्यंत कशी गेली? मी कशीबशी म्हणाले, "न्हाई लागत. कधी कधी लागतं."

"ट्यूब चालू असते तेव्हा लागत नसणार. बंद करून बरेच दिवस झाले की लागत असणार."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दही म्हणजे काय, तर विरजणातले चांगले जंतू दुधात वाढतात. आणि हे औषध बनवलंय तेच जंतू मारायला. ते कासेतून दुधात उतरतं, उकळून जात नाही. त्याला चांगला जंतू, वाईट जंतू काही कळत नाही. विरजण घातलं की मेलंच. "दह्याला कळतं, तुम्हाला कळत न्हाई एवढंच," ते म्हणाले. "तेच थोडंथोडं औषध रोज पोरांच्या पोटात जातंय. उद्या पोराला खरंच गरज पडली आणि ते लागू पडलं न्हाई, तर गाईसारखं होऊन बसेल. औषध चालू असताना आणि बंद केल्यावरही पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत हे दूध कुणालाच द्यायचं न्हाई. वासरालाबी न्हाई. खड्ड्यात ओतायचं."

मी मनात मागचे सगळे महिने भराभर ताडून पाहिले. आले तेव्हा थोरलीला दगडी होती, आणि म्हैस आटल्यानं घरात थोरलीचंच दूध होतं. आत्यांनी दही लावलं तेव्हा ट्यूब बंद होऊन बरेच दिवस झाले होते. परत बिघडलं तेव्हा मामांनी परत ट्यूब आणली होती. सगळं तंतोतंत जुळत होतं. इतकं हलकं वाटलं मला, की त्या डॉक्टरच्या पाया पडावंसं वाटलं. पण आत्यांकडे पाहायचं धैर्य झालं नाही. त्या सूप घेऊन आत गेल्या होत्या.

पुढे काय काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट दुसऱ्या एका सकाळवर करायचा आहे. पुण्याहून तपासणी आली, वेगळं औषध मिळालं, मामांनी ते शेवटपर्यंत दिलं. एक सड कायमचा गेला, पण गाय वाचली आणि उरलेल्या तीन सडांवर तिनं आमचं घर बरीच वर्षं पोसलं. औषध चालू असलेल्या गाईच्या मागच्या पायाला तांबडी चिंधी बांधायची रीत मामांनी काढली, म्हणजे धार काढणाऱ्याची चूक होऊ नये. दोन हजार सालानंतर डेअरीत औषधाची तपासणी सुरू झाली तेव्हा आजूबाजूला बोंबाबोंब झाली, पण आमच्या वस्तीवर चिंध्या आधीपासूनच होत्या. बिस्किटाचा डबा आत्यांनी रिकामा करून त्यात सुया-दोरे ठेवले. माझ्या मुलाला सर्दी झाली की त्या त्याला घेऊन डॉक्टरपुढं बसत आणि विचारत, "ही गोळी लागतीयाच का? का नुसतं आमच्या समाधानाला देताय?" एका डॉक्टरांना त्याचा राग आला होता. दुसऱ्यांनी हसून चिठ्ठीवरचं एक औषध खोडलं. आणि मामांना छातीत कफ झाला, खरोखरच कोर्स लागला, तेव्हा बरं वाटल्यावर ते टाळाटाळ करू लागले, तर आत्या पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या राहिल्या. "गाईचा सड गेला, आता काय घालवायचंय?" मामांनी मुकाट्यानं गोळी गिळली.

हे सगळं आत्यांनी एकटीनं वस्तीत पसरवलं. पण औषधांच्या तळमळीनं त्या निघाल्या नव्हत्या. कारण वेगळं होतं.

डॉक्टर येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्यांनी चांगलं लुगडं नेसलं आणि भर दुपारी घराबाहेर पडल्या. मला सांगितलं नाही. ज्या ज्या घरी त्यांनी माझ्या हाताबद्दल सांगितलं होतं, त्या त्या घरी त्या गेल्या. म्हणजे जवळजवळ सगळ्याच घरी. आणि प्रत्येक ओट्यावर बसून सांगितलं की सुनेचा हात चांगला आहे, दूधच औषधाचं होतं. आता हे सांगायचं तर ट्यूब सांगावी लागते, जंतू सांगावे लागतात, अर्धवट कोर्स सांगावा लागतो. चौथी शिकलेली माझी सासू ते सगळं आपल्या भाषेत सांगत गेली. संध्याकाळी घसा बसवून परत आल्या.

पण लोक एवढ्यावर ऐकतात होय? आमच्या मागच्या आळीतली एक म्हातारी, आत्यांची मैत्रीण, स्पष्टच म्हणाली, "सुनेनं पढवून धाडलंय तुला. औषधानं कुठं दही नासतंय व्हय? आमी जन्मभर खाल्लं."

आत्यांना ते झोंबलं. त्यांनी त्याच म्हातारीला पैज लावल्यासारखं घरी बोलावलं, आणखी चारजणी आल्याच. थोरलीला तेव्हा औषध चालू होतं. आत्यांनी एका पातेल्यात थोरलीचं दूध आणि दुसऱ्यात धाकटीचं दूध तापवून ठेवलं. विरजण त्या म्हातारीच्या घरचं. आणि मला हाक मारली. "ये. दोन्हीत तूच घाल."

मी घातलं.  लागलं नाही तर? डॉक्टर चुकला असला तर? आत्यांनी दोन्ही पातेल्यांवर झाकणं ठेवली, फडकी बांधली आणि ती म्हातारीच्या हवाली केली. "तुझ्याच घरात ठेव. उद्या उन्हं आली की घेऊन ये."

मला रात्रभर धड झोप आली नाही. सकाळी बायका ओट्यावर जमल्या, आज जरा जास्तच. म्हातारीनं पातेली खाली ठेवली आणि स्वतःच फडकी सोडली. थोरलीच्या पातेल्यात दूध हलवलं तर हललं, तसंच पातळ. दुसऱ्यात चमचा घातला आणि सोडला, तर तो उभाच राहिला.

म्हातारीनं चमचा हलवून पाहिला. मग म्हणाली, "म्हंजी पोरीचा हात चांगला हाय की गं."

"हात चांगलाच व्हता," आत्या म्हणाल्या. "माजी जीभ वाईट व्हती. दीड वरीस तिचं नाव घालवलं मी."

सासूनं चार बायकांत सुनेदेखत असं बोलणं तेव्हा आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही मी फारसं ऐकलेलं नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.  मी खाली बसले, दह्याचं पातेलं पुढं ओढलं आणि वाट्यांमध्ये वाढायला सुरुवात केली. पहिली वाटी आत्यांना दिली.